बेल्ट थांबवायचा अधिकार

‘लो व्हॅल्यू’ हे दोन शब्द मी दिवसातून किती वेळा टाइप करते ते मोजलेलं नाही. लो व्हॅल्यू म्हणजे १५० युरोपर्यंतचा माल, आपल्या हिशोबात साधारण पंधरा हजार रुपयांचा. युरोपियन युनियनच्या बाहेरून आलेल्या एवढ्या किमतीच्या पार्सलला तिथं वर्षानुवर्षं कस्टम ड्युटी माफ होती. चीनमधून निघालेलं फोनचं कव्हर, चार युरोचा टॉप, एलईडीची माळ, सगळं या दोन शब्दांत बसतं. पुण्यात खराडीला बसून आमची टीम या पार्सलांची कागदपत्रं तयार करणारं सॉफ्टवेअर लिहिते. घरी कुणी विचारलं तर मी ‘कुरिअरचं काम’ म्हणते. ‘युरोपच्या कस्टम्सचं काम’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: म्हणजे सोनं पकडता का?

सोनं पकडणं दूरच, पार्सल आम्हाला दिसतही नाही. दिसतो तो एक मेसेज. विक्रेत्याच्या साइटवरून वस्तूचं वर्णन, किंमत, वजन, पाठवणारा, घेणारा असे तपशील येतात. आमचं सॉफ्टवेअर त्यातून ‘एच-७’ नावाचं छोटं डिक्लरेशन बनवतं आणि त्या देशाच्या कस्टम्सच्या सर्व्हरकडे पाठवतं. एच-७ हा स्वस्त पार्सलांसाठी २०२१मध्ये आणलेला प्रकार. नेहमीच्या आयातीपेक्षा यात रकाने बरेच कमी, टॅरिफ कोडही सहा आकडी पुरतो. पलीकडून उत्तर येतं: रिलीज किंवा होल्ड. रिलीज असेल तर पार्सल बेल्टवरून थेट डिलिव्हरीच्या गाडीकडे. होल्ड असेल तर बेल्टचा एक फाटा उघडतो आणि पार्सल कस्टम्सच्या खोलीकडे वळतं. हा फाटा कधी उघडायचा ते सांगणारा कोड माझा.

आता आकडे. २०२२मध्ये अशी १४० कोटी पार्सलं युरोपियन युनियनमध्ये आली. २०२३मध्ये २३० कोटी. २०२४मध्ये ४६० कोटी, म्हणजे दिवसाला साधारण १ कोटी २० लाख. त्यातली ९१ टक्के चीनमधून. ड्युटी चुकवण्यासाठी किंमत कमी दाखवलेल्या पार्सलांचं प्रमाण ६५ टक्क्यांपर्यंत असावं, असा युरोपियन आयोगाचाच अंदाज आहे. मी एकदा चहा पिता पिता कॅल्क्युलेटर उघडला होता. प्रत्येक पार्सल उघडून, बघून, परत बंद करायला फक्त पाच मिनिटं धरली, तर रोज १० लाख तास लागतील. आठ तासांच्या पाळीनं सव्वा लाख माणसं, रोज, दुसरं काहीही न करता. प्रत्यक्षात काय होतं? वस्तू सुरक्षिततेच्या नियमांत बसते का, हे आयातीच्या दर १० लाख वस्तूंमागे साधारण ८२ वस्तूंच्या बाबतीत तपासलं जातं. बाकीच्यांना आपण फक्त नमस्कार करतो.

गेल्या वर्षी क्लायंटनं मला अडीच महिन्यांसाठी बेल्जियममध्ये लिएजला बोलावून घेतलं. अँटवर्प, ब्रसेल्स लोकांना माहीत असतात, लिएज सहसा नसतं. पण बेल्जियमचा सगळ्यात मोठा कार्गो विमानतळ तिथं आहे. तो रात्रभर जागा असतो आणि आजूबाजूच्या गावांची त्या आवाजाबद्दल तक्रार असते. अलिबाबाच्या लॉजिस्टिक्स कंपनीचं मोठं केंद्र २०२१मध्ये तिथं सुरू झालं. आमच्या क्लायंटचं गोदाम त्यापुढे अगदीच लहान, तरी मला आत शिरल्यावर दुसरं टोक दिसलं नव्हतं. सहा वर्षं ज्या गोष्टीला मी ‘ऑब्जेक्ट’ म्हणत होते ती तिथं खाकी आणि करड्या प्लास्टिकच्या पिशव्यांच्या रूपात धो धो वाहत होती.

कस्टम्सच्या खोलीतल्या एका अधिकाऱ्यांशी माझं जमलं. वय छप्पन, इंग्रजी मोडकं पण न लाजता बोलायचे. त्यांचं माझ्या सॉफ्टवेअरबद्दलचं पहिलं मत असं होतं, की तुमचे होल्ड मला दिवसभर कामात ठेवतात, पण उपयोगाचं पार्सल मला बहुतेक वेळा बेल्टवर दिसतं. बेल्टशेजारी त्यांच्यासाठी एक बटण होतं. दाबलं की ती लाइन थांबते, हवं ते पार्सल उचलून टेबलावर घ्यायचं, पुन्हा दाबायचं, लाइन सुरू. क्लायंटच्या शिफ्ट मॅनेजरला या बटणाचा मनापासून राग होता. प्रत्येक दाबण्यामागे मागची सगळी गर्दी तुंबायची आणि त्यांच्या स्क्रीनवर लाल रेघ वर जायची.

एके दिवशी त्यांनी माझ्यादेखत बटण दाबलं आणि पाठोपाठची चार पार्सलं उचलली. चौघांचे पाठवणारे वेगळे, घेणारे वेगळे, पत्ते वेगळ्या गावांचे. चारही डिक्लरेशनांत ‘लहान मुलांचं प्लास्टिकचं खेळणं’. आमच्या आणि त्यांच्या दोन्ही यंत्रणांनी चारही हिरवी केली होती. आत निघाले डिस्पोजेबल व्हेप, ज्यांच्या विक्रीवर बेल्जियममध्ये १ जानेवारी २०२५पासून बंदी आहे. मी विचारलं, कसं कळलं? ते म्हणाले, चिकटपट्टी. चौघांनी एकाच रुंदीची, एकाच रंगाची पट्टी, कोपऱ्यात एकाच पद्धतीनं दुमडून लावली होती. चार अनोळखी माणसं अशी पट्टी लावत नाहीत.

माझ्यातली इंजिनिअर लगेच जागी झाली: हा नियम लिहिता येईल का? पण एच-७मध्ये चिकटपट्टीचा रकाना नाही. कॅमेरा लावू, फोटो काढू, मॉडेल शिकवू, सगळं शक्य आहे. पण मॉडेलला ‘चिकटपट्टीकडे बघ’ हे आधी कुणीतरी सांगायला हवं, आणि ते कुणीतरी बेल्टशेजारी वीस-तीस वर्षं उभं राहिलेलं असायला हवं.

डेटाचं म्हणाल तर तो पाठवणारा जे सांगेल तेवढाच असतो. माल येण्याआधीच त्याची माहिती मागणारी ‘आयसीएस-२’ नावाची यंत्रणा युरोपनं २०२१पासून टप्प्याटप्प्यानं सुरू केली. तिच्यासोबत एक गमतीशीर यादी आहे: चालणार नाहीत अशा शब्दांची. ‘गिफ्ट’, ‘पार्ट्स’ असले मोघम शब्द लिहिले तर वर्णन अमान्य. हेतू चांगलाच. मी लॉग बघते म्हणून सांगते, परिणाम एवढाच झाला की ‘गिफ्ट’ लिहिणारे आता ‘लहान मुलांचं प्लास्टिकचं खेळणं’ लिहितात. वाक्य मोठं झालं, खरं झालं असं नाही.

हे अधिकारी १९९०मध्ये नोकरीला लागले, फ्रान्स-बेल्जियम हद्दीवरच्या एका नाक्यावर. तीन वर्षांतच, १ जानेवारी १९९३ला, युरोपची एकच बाजारपेठ झाली आणि सदस्य देशांमधल्या हद्दींवरची मालाची तपासणी संपली. वर्षाला सुमारे ६ कोटी कागद भरायची गरज एका रात्रीत उरली नाही. आपल्याला ही गोष्ट नेहमी ट्रकवाल्यांच्या बाजूनं सांगितली जाते: रांगा संपल्या, वेळ वाचला. नाक्याच्या बाजूनंही ती आहे. खाजगी कस्टम एजंटांचा तर धंदाच बुडाला. त्यांना दुसऱ्या कामाकडे वळवायला मदत म्हणून १९९२मध्ये वेगळा नियम करावा लागला. फ्रान्सला लागून असलेलं स्पेनचं इरुन हे गाव या एजंटांच्या कचेऱ्यांवर जगायचं, त्याला मोठा फटका बसला. सरकारी अधिकाऱ्यांची नोकरी गेली नाही, बदल्या झाल्या. २०१०मध्ये दानी बून यांनी याच नाके बंद होण्यावर एक धमाल विनोदी सिनेमा काढला, ‘रियँ आ देक्लारे’. मी बघितलाय, हसलेही. आमच्या अधिकाऱ्यांनी तो बघायचं टाळलंय. नाक्यासमोरच्या ज्या कॅफेत ते जेवायचे तोही त्याच वर्षी बंद पडला, असं म्हणाले आणि विषय बदलला.

आता दुसरी लाट आलीय. १७ मे २०२३ला युरोपियन आयोगानं कस्टम्सच्या सुधारणेचा मोठा प्रस्ताव मांडला. १९६८मध्ये कस्टम्स युनियन झाल्यापासूनचा सर्वांत महत्त्वाकांक्षी, असं आयोगाचं म्हणणं. २७ देशांच्या वेगवेगळ्या यंत्रणांऐवजी एक ‘डेटा हब’. त्यावर लक्ष ठेवणारं एक युरोपियन कस्टम्स प्राधिकरण. ऑनलाइन विकणाऱ्या प्लॅटफॉर्मलाच आयातदार मानून ड्युटीची जबाबदारी त्यांच्यावर. १५० युरोची माफी रद्द. प्रस्तावातलं वेळापत्रक असं: ई-कॉमर्सची पार्सलं २०२८पासून हबवर, इतर आयातदार २०३२पासून स्वेच्छेनं, आणि २०३८पासून सगळ्यांना सक्तीनं. यामुळे सदस्य देशांचा वर्षाला २ अब्ज युरोपर्यंतचा खर्च वाचेल, असा आयोगाचा हिशोब.

मी या हबच्या बाजूची आहे, हे सांगून टाकते. ज्यानं दोन देशांच्या कस्टम्सच्या सर्व्हरशी एकाच आठवड्यात झटापट केलीय तो दुसरं काही म्हणणार नाही. एकच फॉर्म, एकच कायदा, पण प्रत्येक देशाची वेगळी यंत्रणा, वेगळे एरर कोड, वेगळी मेन्टेनन्सची रात्र. अधिकाऱ्यांनाही हब हवंय. आज लिएजमध्ये कडक तपासणी सुरू झाली की तोच माल दुसऱ्या देशातल्या विमानतळावर उतरतो, आणि तिथल्या सहकाऱ्याला काय दिसतंय ते यांना दिसत नाही. एकाच पडद्यावर दिसलं तर बरंच, असं ते म्हणायचे.

त्यांना खुपत होतं ते वेगळंच. प्रस्तावानुसार कुठल्या मालात धोका आहे हे मध्यवर्ती प्राधिकरण डेटावरून ठरवणार आणि देशोदेशींच्या कस्टम्सना ‘हे तपासा’ असं कळवणार. उघडणार हे, ठरवणार ते. शिवाय ‘ट्रस्ट अँड चेक’ नावाचा वर्ग येतोय: ज्या कंपन्या आपली यंत्रणा कस्टम्सला पूर्ण उघडी करतील, त्यातल्या सगळ्यात विश्वासू कंपन्यांना काही बाबतींत कस्टम्सच्या हस्तक्षेपाशिवाय स्वतःच माल सोडता येईल. प्रामाणिक कंपनीसाठी हे उत्तमच. पण जी माणसं आज ‘हे सोडू की नको’ ठरवतात त्यांचं उद्याचं काम कुठलं, याबद्दल त्या कागदांमध्ये फार कमी बोललं गेलंय. हस्तांतरण, प्रशिक्षण, क्षमता हे शब्द येतात. किती माणसं, कुठे, कुठल्या पगारावर, हे येत नाही. येणारही नाही, कारण माणसं प्रत्येक देशाची आहेत.

इथं पैशाची एक गुंतागुंत आहे. गोळा झालेली कस्टम ड्युटी युनियनच्या बजेटमध्ये जाते. गोळा करण्याचा खर्च म्हणून देश स्वतःकडे २५ टक्के ठेवतो. म्हणजे अर्थमंत्र्यानं आणखी शंभर अधिकारी नेमले तर पगार त्याच्या तिजोरीतून, आणि त्यांनी पकडलेल्या चुकवेगिरीचे तीन चतुर्थांश ब्रसेल्सला. नेमणुकांचा उत्साह कितपत असेल? आणि नाही नेमले तर काय होतं, तेही दिसलंय. चीनमधून येणारे कपडे आणि बूट फारच कमी किमतीला दाखवले जात असताना ब्रिटननं पुरेशी पावलं उचलली नाहीत, असा निकाल युरोपच्या न्यायालयानं ८ मार्च २०२२ला दिला. युनियन सोडून गेलेल्या ब्रिटनला अब्जावधी युरो मोजावे लागले.

उरलेल्या माणसांवर कामं मात्र वाढतात. जर्मनीत तर कस्टम्सची माणसं बांधकामांवर जाऊन कामगारांना किमान वेतन मिळतं का तेही बघतात, आणि गाड्यांचा कर २०१४पासून त्यांच्याकडेच आहे. हे ऐकून मला आपल्याकडच्या निवडणूक ड्युटीवरच्या शिक्षकांची आठवण झाली.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते फ्रान्समधल्या एका आंदोलनानं. मार्च २०१९मध्ये ब्रेक्झिट तोंडावर होतं. कॅले, डंकर्क आणि पॅरिसच्या गार द्यू नोर स्टेशनवरच्या कस्टम्स अधिकाऱ्यांनी पगारवाढ आणि जादा माणसं मागितली. त्यांनी काम बंद केलं नाही. काम नियमाप्रमाणे करायला सुरुवात केली. कागद नीट वाचायचे, प्रश्न नीट विचारायचे, तपासणी पूर्ण करायची. तेवढ्यानं कॅलेत ट्रकच्या मैलोन्‌मैल रांगा लागल्या आणि पॅरिसहून लंडनच्या ट्रेन रखडल्या. आपल्याकडे याला ‘नियमानुसार काम’ म्हणतात आणि सगळ्यांना ती धमकी आहे हे कळतं. मी हे पुन्हा पुन्हा वाचलं, कारण माझ्या कामाचा सगळा पाया यात उघडा पडतो. युरोपचा व्यापार सुरळीत चालतो तो अधिकारी बघतात म्हणून जेवढा, त्याहून कितीतरी जास्त ते बघत नाहीत म्हणून. काय बघायचं नाही हे आजवर ते स्वतः ठरवत होते. आता तो निर्णय माझ्यासारख्यांच्या कोडकडे सरकतोय.

यावर सोपं उत्तर असतं की माणूस लाच खातो, कोड खात नाही. ते खोटं नाही. माझे मामा न्हावाशेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे क्लार्क आहेत. २०२०मध्ये आपल्याकडे ‘फेसलेस असेसमेंट’ आलं, म्हणजे न्हावाशेव्याला उतरलेल्या मालाची कागदपत्रं दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासू शकतो. मामा म्हणाले, “टेबलाखालचं टेबल गेलं, छान झालं. पण पूर्वी साहेबाला नमुना हातात देऊन दाखवता यायचं की बाबा, हे कापड विणलेलं आहे, बुनलेलं नाही. आता क्वेरीला उत्तर टाइप करत बसायचं आणि त्या माणसानं हे कापड कधी हातात धरलंय की नाही, देव जाणे.” दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि मामांना त्यात काही अडचण वाटत नाही.

शिवाय डेटालाही लाच चालते. अँटवर्प बंदरात २०२३मध्ये ११६ टन कोकेन पकडलं गेलं, तोवरचा विक्रम. तिथल्या टोळ्यांना कंटेनर फोडायचा नसतो, कंटेनर उचलायचा पिनकोड हवा असतो. तो असलेल्या कुठल्याही माणसाला पैसे देता येतात किंवा त्याच्या मुलांच्या शाळेचं नाव घेता येतं. २०१३मध्ये उघड झालं होतं की तस्करांनी थेट बंदरातल्या संगणकांत शिरकाव करून कंटेनरचा ठावठिकाणा मिळवला होता. उद्या २७ देशांचा सगळा माल एका हबमध्ये दिसणार असेल, तर तो पडदा बघू शकणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याची किंमत वाढणार. आमच्या क्षेत्रात याला ‘ॲक्सेस कंट्रोल’ म्हणतात आणि मीटिंगमध्ये त्यावर वीस मिनिटं मिळतात. लिएजच्या अधिकाऱ्यांनी घराच्या दारावर पाटी लावलेली नाही.

डिसेंबर २०२५मध्ये सदस्य देशांचं ठरलं की हबची वाट न बघता १ जुलै २०२६पासून स्वस्त पार्सलांतल्या मालावर सरसकट ३ युरो ड्युटी घ्यायची. ही ड्युटी पार्सलवर नाही, आतल्या वस्तूंच्या प्रकारांवर आहे. मोज्यांच्या तीन सारख्या जोड्या असतील तर ३ युरो. त्यात एक फोनचं कव्हर असेल तर ६. हे मॉड्यूल लिहायचं काम माझ्याकडे आलं. कोड म्हणून सोपा आहे, टॅरिफ कोड मोजायचे आणि तीननं गुणायचं. व्हिडिओ कॉलवर मी हे अधिकाऱ्यांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, म्हणजे आता सगळ्यांनाच पार्सलात एकाच प्रकारची वस्तू असल्याचं लिहावंसं वाटेल. आत खरंच किती प्रकार आहेत ते पिशवी उघडल्याशिवाय कळणार नाही.

त्याच महिन्यात क्लायंटकडून आणखी एक तिकीट आलं. बेल्टशेजारचं बटण काढून त्याजागी टॅबलेट द्यायचा. अधिकाऱ्यानं पार्सलचा नंबर निवडायचा, यंत्रणा ते पार्सल पुढच्या फेरीत आपोआप वळवेल, लाइन थांबणार नाही. कागदावर सगळ्यांची सोय. फक्त नंबर निवडायला नंबर वाचता यायला हवा, आणि वेगात जाणाऱ्या चार पिशव्यांच्या चिकटपट्ट्या ओळखणाऱ्या माणसाला ते नंबर वाचायला वेळ नसतो. आणखी एक गोष्ट तिकिटात खाली, बारीक अक्षरात होती: कुठल्या अधिकाऱ्यानं तासाला किती पार्सलं वळवली आणि त्यातली किती ‘निष्फळ’ निघाली, याचा अहवाल. मालवाहतूक करणाऱ्या कंपनीनं सरकारी माणसाचा असा हिशोब ठेवावा का, हे कुणी विचारलेलं नव्हतं.

मी उत्तरात लिहिलं की टॅबलेट द्या, पण बटण राहू द्या. तपासणी हा कस्टम्सचा अधिकार आहे, त्यात बदल करायचा तर आधी त्यांचं लेखी म्हणणं घ्या. अहवालाचा भाग आम्ही करणार नाही, ते काम आमच्या कराराबाहेरचं आहे. चिकटपट्टीचा किस्साही तारीख घालून जोडला. आमच्या मॅनेजरनं ते वाचून एवढंच विचारलं, “यात आपलं काय जातं?” मग माझ्या मेलमधली दोन विशेषणं काढून तो पुढे पाठवला.

क्लायंटनं अहवाल तूर्त बाजूला ठेवलाय. बटणाबद्दल कस्टम्सशी बोलणं चालू आहे म्हणतात. ३ युरोचं मॉड्यूल टेस्टिंगला गेलंय, मोजे आणि कव्हर धरून एकोणतीस केस पास झाल्यात. अधिकारी पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. त्यांच्या जागी कोण येणार हे मी विचारलं, तर म्हणाले, जागा अजून मंजूर व्हायची आहे.